इंदूर ते झाबुआ ते रतलाम: पेटी, ढोलकी आणि एक कचरागाडी

जानेवारीत आमच्या नाटक-गाण्याच्या ग्रुपचा दौरा झाला, तेव्हापासून घरचे, ऑफिसातले, रामबागेतल्या मावश्या सगळे विचारतायत की काय केलं, कुठे राहिलात, थंडी किती होती, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी आम्ही कोण ते. सोळा ते पंचविशीतली पोरं, आणि त्यांना सांभाळायला मी आणि एक दादा. मी पेटी वाजवते, कपडे-सामान बघते आणि ओरडते. निम्मी पोरं मराठी ख्रिस्ती घरातली, म्हणजे आजोबा-पणजोबा नगर-जालन्याकडून नोकरीला इंदूरला आले आणि इथेच राहिले अशी, आणि निम्मी आमच्यासारखी, गणपतीतल्या नाटकांतून उचललेली. दोन-तीन जण इंदूर ख्रिश्चन कॉलेजात शिकतात (1887 चं कॉलेज, कॅनडाच्या मिशनऱ्यांनी काढलेलं, किशोरकुमार तिथेच शिकला हे इंदूरचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला सांगणारच).

आमच्याकडे दोन कार्यक्रम होते. चर्चसाठी बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट कीर्तनासारखी, मध्ये मध्ये अभंग. मराठी चर्चमध्ये हे नवीन नाही, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आमच्याकडची म्हातारी मंडळी आजही तोंडपाठ म्हणतात. फक्त दौऱ्यासाठी निरूपण हिंदीत केलं. आणि शाळांसाठी वेगळं, कचऱ्यावरचं विनोदी नाटक, ज्यात देवाधर्माचं एक अक्षर नाही. हे दोन वेगळे ठेवणं मध्य प्रदेशात फार गरजेचं आहे, शाळेत काय करणार ते आधी लेखी द्या, हेडमास्तरांची सही घ्या आणि त्या कागदाची झेरॉक्स गाडीत ठेवा. आम्हाला एकदा दाखवावी लागली, अर्ध्या मिनिटात विषय संपला.

मंगळवार: महू

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, साडेसातला निघालो. पोहे-जलेबी झाल्याशिवाय आमची पोरं गाडीत बसत नाहीत, आणि जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) जास्त टाक म्हणून पोहेवाल्याशी भांडण झाल्याशिवाय पोहे संपत नाहीत. महू जेमतेम तेवीस-चोवीस किलोमीटर, त्यामुळे प्रवास असा काही झालाच नाही.

शाळा छावणीच्या जवळची, मुलं कडक, रांगेत, बूट पॉलिश केलेले. कचऱ्याचं नाटक धमाल झालं. त्यात आमचा एक मुलगा कचरागाडी होतो, छातीला पुठ्ठ्याचं हेडलाइट लावून, आणि ती गाडी रोज सकाळी जे गाणं वाजवते तशी चाल तोंडाने काढत येतो. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, त्यामुळे ती चाल इंदूरच्या पोरांच्या रक्तात आहे आणि महूवालेही रोज इंदूरला ये-जा करणारे, त्यांना सगळं माहीत. गाडी आली की अख्खा हॉल कोरसमध्ये. आम्ही स्वतःला फार मोठे कलाकार समजायला लागलो.

दुपारी आंबेडकर जन्मभूमीला गेलो. 14 एप्रिल 1891 ला बाबासाहेब इथे जन्मले, वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवायचे. पांढरं स्मारक, आत गर्दी नव्हती. नागपूरहून आलेल्या एक काकू होत्या, आमची मराठी ऐकून जवळ आल्या, कुठले तुम्ही, इंदूरचे? मग इंदूरचे असून मराठी एवढी चांगली कशी, हा प्रश्न. आम्हाला हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी राग येतो पण काकूंनी डब्यातली तिळाची वडी दिली त्यामुळे राग गिळला, वडीबरोबर.

संध्याकाळी चर्च. महूची छावणी 1818 नंतरची, तिथली जुनी चर्च इंग्रजी पद्धतीची, जाड भिंती, उंच छप्पर. दिसायला सुंदर, पण ऐकायला वैताग. एक वाक्य बोललं की ते वर जाऊन फिरून परत येतं आणि पुढच्या वाक्यावर बसतं. ढोलकी तर ढगासारखी गडगडत होती. लोकांनी मात्र शांतपणे पंचेचाळीस मिनिटं ऐकलं, शेवटी टाळ्या, चहा, केक, सगळे म्हणाले फार छान. एकाही माणसाने सांगितलं नाही की काही कळलं नाही. चर्चचे लोक फार सभ्य असतात हो.

ज्यांना अशा जुन्या चर्चमध्ये काही करायचं असेल त्यांनी माईक बंद ठेवा, पहिल्या ओळीच्या जवळ उभं राहा, हळू बोला आणि ढोलकीच्या खाली जाड सतरंजी टाका. भरलेलं चर्च असेल तर आवाज माणसांच्या कपड्यांत जिरतो, रिकाम्यात तालीम करून घाबरू नका.

बुधवार: धार

पीथमपूरच्या कारखान्यांमधून, ट्रकच्या मागे मागे, धारला. पोरं झोपलेली. धार आलं तसं मी सगळ्यांना उठवून किल्ला दाखवला आणि सांगितलं की दुसऱ्या बाजीरावाचा जन्म या किल्ल्यातला, 1775 चा, राघोबादादा तिकडे धावपळीत आणि आनंदीबाई इकडे पवारांच्या आश्रयाला. एकाने डोळे न उघडता विचारलं, "ताई, ह्याची परीक्षा आहे का?"

शाळेत मैदान रिकामं नव्हतं, 26 जानेवारीच्या परेडची तालीम चालू होती, ड्रम, शिट्ट्या, मानवी पिरॅमिड. जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात कुठल्याही शाळेत कार्यक्रम ठेवणार असाल तर हे लक्षात ठेवा, अख्खी शाळा परेडमध्ये असते. आम्हाला शेवटी मागच्या व्हरांड्यात जागा मिळाली, बारा वाजता, आणि साडेबाराला मध्यान्ह भोजन. वरणाचा वास आला आणि आमचे प्रेक्षक मनाने उठून गेले. शरीराने बसलेले होते कारण सर छडी घेऊन उभे होते.

नाटक झाल्यावर मी मुलांना विचारलं कसं वाटलं. सगळे "अच्छा लगा", एक आठवीतला मुलगा मागून म्हणाला, "दीदी, बीच में भाषण बहोत है. गाडी वाला ही ठीक है." सर त्याच्याकडे असे बघायला लागले की मीच मध्ये पडले. खरं सांगायचं तर त्याचं शंभर टक्के बरोबर होतं, मध्ये ओला कचरा आणि सुका कचरा मिळून आठ मिनिटं एकमेकांना समजावत होते. रात्री धारला जिथे उतरलो तिथे गाद्या कमी, पोरं जास्त, आणि आम्ही रजया पांघरून त्या आठ मिनिटांची दोन केली. चर्चमध्ये दहा कार्यक्रम केले असते तरी हे कुणी सांगितलं नसतं.

गुरुवार: माछलिया घाट आणि झाबुआ

धारहून सरदारपूर, राजगढ, पुढे अहमदाबादचा हायवे. राजगढनंतर जमीन बदलते, काळी सपाट माळव्याची माती संपते आणि लालसर, गोट्यांचे डोंगर सुरू होतात, घरं पण गावात एकत्र न दिसता आपापल्या शेतात एकेकटी, टेकडीवर एक, उतारावर एक.

माछलिया घाटात गाडीचा क्लच गेला. या घाटाचं नाव जुने ड्रायव्हर अजूनही दबकून घेतात, एके काळी रात्री इथे लूटमार व्हायची, गाड्या काफिल्याने जायच्या. आमची मात्र दुपारची साडेबाराची वेळ, कोवळं ऊन, आणि मेकॅनिक राजगढहून यायचा होता. ड्रायव्हर काका बोनेटशी बोलत बसले. आमच्या ढोलकीवाल्याला रिकामं बसता येत नाही. त्याने सुरू केलं, मग पोरी नाचायला लागल्या, आणि वीस मिनिटांत आजूबाजूच्या टेकड्यांवरून दहा-बारा मुलं आणि त्यांच्या शेळ्या उतरून आल्या. मग काय, रस्त्याच्या कडेला कचऱ्याचं नाटक.

कचरागाडी आली. शांतता. एकही मुलगा हसला नाही. त्यांच्याकडे कचरागाडी येतच नाही तर चाल कुठून माहीत असणार! आमचा गाडीवाला गाडीच्या चार चकरा मारून घामाघूम. तेवढ्यात ओला कचरा म्हणून आम्ही जी केळ्याची सालं आणि मेथीच्या काड्या ठेवल्या होत्या त्या एका काळ्या शेळीने येऊन निवांत खायला सुरुवात केली. ओला कचरा झालेली मुलगी आपले संवाद सोडून शेळीला हाकलतेय, शेळी ऐकत नाही, मग शेळीने सुक्या कचऱ्याचा पुठ्ठासुद्धा चावायला घेतला. मुलं हसून हसून जमिनीवर. एक छोटी तर खोकायला लागली. दौऱ्यात त्याआधी कधी एवढं हसणं ऐकलं नव्हतं.

गाडी तीनला दुरुस्त झाली. झाबुआ येईपर्यंत नाटकातून कचरागाडी बाहेर आणि शेळी आत. गाडीवाला मुलगा थोडा रुसला, मग त्यालाच शेळी केलं.

झाबुआत मुलींच्या होस्टेलवर उतरलो. सिस्टर म्हणाल्या आधी जेवा. मोठ्या अंगणात गोवऱ्यांची आच केली होती आणि त्यावर दाल-पानिया. मक्याच्या पिठाचा गोळा दोन पळसपानांमध्ये दाबून निखाऱ्यावर भाजतात, पान जळतं, आतली भाकरी पानाचा वास घेऊन बाहेर येते, वर तूप, बाजूला लसणाची लाल चटणी आणि उडदाची डाळ. आमच्यातल्या एकाने, जो घरी दोन पोळ्यांत उठतो, किती पानिये खाल्ले ते मी त्याच्या आईला सांगणार नाही. कडकनाथाबद्दल (इकडची काळी कोंबडी) पण विचारलं पोरांनी, 2018 मध्ये त्याला जीआय टॅग मिळाला ते वाचलेलं. सिस्टर हसल्या, म्हणाल्या तो आता आम्हाला परवडत नाही.

रात्री थंडी अशी की पेटीचे पडदे बोटांना टोचत होते. होस्टेलच्या मुलींनी आम्हाला त्यांचं नाच-गाणं शिकवलं, एकमेकींच्या कमरेत हात घालून अर्धगोल, पाय दोन पुढे एक मागे. सोपं वाटतं. नाहीये.

शुक्रवार: गावातली शाळा

झाबुआपासून तासाभरावरचं गाव, शेवटचे काही किलोमीटर कच्चा रस्ता. शाळा दोन खोल्यांची, पाच इयत्ता, दोन शिक्षक. शेळीचं नाटक पहिल्यांदा नीट झालं. पंचवीस मिनिटं. मुलं मागून सूचना देत होती, शेळी अशी ओरडत नाही, अशी ओरडते, आणि एका पहिलीतल्या मुलाने उठून शेळीचा आवाज काढला तो ऐकून बाहेर बांधलेल्या खऱ्या शेळीने उत्तर दिलं. आमच्या शेळीने हात जोडले आणि खाली बसली.

गुरुजी जेवताना सांगत होते की आत्ता पटावर जेवढी नावं आहेत तेवढी मुलं वर्गात नाहीत. दिवाळीनंतर शेतं रिकामी झाली की आई-बाप गुजरातला बांधकामावर, लहान मुलांना बरोबर नेतात, होळीच्या आधी भगोरियाच्या बाजारांना परत येतात. मोठी मुलं आजी-आजोबांकडे राहतात. मग आम्ही बघितलं तर खरंच गावात तिशीतला माणूस दिसतच नव्हता.

इकडे यायचं असेल तर: झाबुआतून रोख पैसे काढून निघा, गावात नेटवर्क झाडाखाली असतं आणि कुठल्या झाडाखाली ते गुरुजींना विचारावं लागतं. मुलींसाठी टॉयलेटची चौकशी आधी फोनवर करा, लाजू नका. खाऊ वाटायचा तर चॉकलेट नको, गुरुजी स्वतः म्हणाले की चिक्की किंवा शेंगदाणे आणा, कागद पण कमी होतो. कचऱ्याचं नाटक करून मागे रॅपरचा ढीग सोडणं बरं दिसत नाही.

शनिवार: टेकडीवरचं चर्च

कार्यक्रम सहाचा होता, साडेसातला सुरू झाला. इथे कुणाची चूक नाही, घरं लांब लांब पसरलेली, लोक कामं आटपून, गुरं बांधून, बॅटरी घेऊन चालत येतात. अंधारात टेकड्यांवरून उजेडाचे ठिपके खाली येताना दिसतात आणि मग एकदम शंभर माणसं. बहुतेक म्हातारी आणि मुलं.

आमच्या ढोलकीची शाई-पूड गार हवेने उतरली, आवाज भसाडा. तिथले मांदलवाले काका बघत होते, काही बोलले नाहीत, ढोलकी उचलली, शेकोटीपाशी नेली, आपल्या मांदलाशेजारी ठेवली, दर दोन मिनिटांनी फिरवायची, बोटाने टकटक करायची. दहा मिनिटांत ढोलकी चढली. पुढे अख्खं कीर्तन मांदल आणि ढोलकी एकत्र वाजले, आमचा ढोलकीवाला म्हणतो ठेका त्याने धरला होता. मी पेटीवर होते, मला माहीत आहे ठेका कुणी धरला होता.

आता गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानातली, पंधराव्या अध्यायातली, धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा मागतो, दूर देशी जाऊन उधळतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखतो, परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो, पोसलेलं वासरू कापून मेजवानी. वासराचं आम्ही इंदूरलाच बदललं होतं, कारणं समजून घ्या, मेजवानीत दाल-बाफले ठेवले होते. तिथे चर्चचे मास्टरजी निरूपणाचा एकेक तुकडा भिलीत सांगत होते. बाफले आले तसं पुढे बसलेले एक बाबा मोठ्याने काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मास्टरजी म्हणाले, बाबा विचारतात मुलगा मेलेला जिवंत झाला आणि बाप नुसती डाळ वाढतो? बोकड कापा. आम्ही तिथल्या तिथे बोकड कापला. (कालची शेळी कामाला आली.)

मग संपल्यावर एक आजी उठल्या. काठी, डोक्यावरून ओढलेली लुगडी, हातात चांदीचे जाड कडे. त्यांचं म्हणणं मास्टरजींनी सांगितलं. की बापाने वाटा दिला म्हणून मुलगा गेला हे त्यांना पटलं नाही. इथे वाटा कुठे असतो, इथे कर्ज असतं, मुलगा ते फेडायला जातो. आणि दुसरं, तो एकटा कसा गेला? कामावर जोडीने जातात, ठेकेदार जोडीच मागतो. याची बायको कुठे आहे?

आमच्यातला कुणी काही बोललं नाही. कीर्तनकार झालेला मुलगा, जो एरवी गप्प बसत नाही, त्याने माझ्याकडे बघितलं. मी पेटीचा भाता बंद करत बसले. आजी उत्तराची वाट बघत उभ्याच. शेवटी मास्टरजीच काहीतरी बोलले आणि त्या बसल्या, पण समाधान झालेलं नव्हतं, दिसत होतं. त्यांचा मुलगा आणि सून बडोद्याला साइटवर आहेत हे नंतर चहाच्या वेळी कळलं.

रात्री एक वाजेपर्यंत वाद. ख्रिस्ती घरातली पोरं म्हणत होती दाखला जसा आहे तसाच सांगायचा, त्यात बाप महत्त्वाचा, मुलगा का गेला हे नाही. दुसरी बाजू म्हणत होती मग बोकड कसा चालला? हा मुद्दा बिनतोड होता. शेवटी ठरलं की रतलामला बायको आणून बघायची, संवाद एकही नाही, फक्त त्याच्या मागे डोक्यावर गाठोडं घेऊन जाते आणि परत येते. भूमिका मिळाली आमच्यातल्या सगळ्यात गप्प मुलीला, जी आत्तापर्यंत फक्त कोरसमध्ये टाळ वाजवत होती.

रविवार: रतलाम आणि परत

पहाटे चारला निघालो, पेटलावदमार्गे. धुकं होतं, ड्रायव्हर काका खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होते, त्याबद्दल घरी सांगितलेलं नाही, इथे वाचतील. रतलामला नऊला पोचलो, उपासनेनंतर आमचा कार्यक्रम.

पुन्हा सभ्य लोक, इस्त्रीचे कपडे, शांत बसलेले. मुलगा गेला, मागे बायको गाठोडं घेऊन गेली. दुष्काळात तो डुकरं राखतो तेव्हा ती बाजूला बसून विटा उचलल्यासारखं करत राहिली, हे तिने स्वतःच केलं, आम्ही सांगितलं नव्हतं. परत येताना बाप धावत जातो, मुलाला मिठी मारतो. आणि ती मागे उभी. बापाची भूमिका करणाऱ्या दादाला सुचेना की हिचं काय करायचं. दोन-तीन सेकंद गेले. मग त्याने पुढे जाऊन तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

कार्यक्रमानंतर चहाला एक निवृत्त रेल्वेवाले अंकल सरळ आले आणि म्हणाले, "बायबल में बहू कहाँ है?" दौऱ्यातली शहरातल्या चर्चमधली पहिली तक्रार! मला इतका आनंद झाला की मी त्यांना खुर्ची दिली. ते रागावलेले, आमची दोन ख्रिस्ती पोरं त्यांच्या बाजूने, बाकीची विरुद्ध, पास्टर साहेब मध्ये रतलामी सेवची प्लेट फिरवत म्हणाले की मेजवानीवर रुसून बाहेर थांबलेल्या मोठ्या भावाचं काय झालं ते पण दाखल्यात सांगितलेलं नाही, तो आत आला की बाहेरच राहिला, ते तर आपण सोडून देतो. अंकल म्हणाले ती वेगळी गोष्ट. कशी वेगळी? यावर अर्धा तास.

सेव घ्यायची असेल तर लवंगवाली घ्या आणि कमी घ्या, आठवड्यात तिचा तिखटपणा उतरतो. आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढी घेतली त्यातली निम्मी बदनावर येईपर्यंत संपली.

इंदूरला रात्री आठला. पोरांना सराफ्यात (रात्रीचा खाऊबाजार) गराडू (तळलेला कंद) खायचे होते, मी नाही म्हटलं, मग गेलो. तिथे उभ्याउभ्या ठरलं की होळीनंतर, लोक परतलेले असताना, त्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पुन्हा जायचं आणि आजींचा मुलगा-सून आले असतील तर त्यांच्यासमोर करायचं. तोपर्यंत बायकोला बोलतं करायचंय. गप्प मुलीने संवाद स्वतः लिहिते म्हणून सांगितलंय, दोन पानं पाठवलीत, त्यातल्या पहिल्याच वाक्यात ती सासऱ्याशी भांडतेय.